हा पत्ता आमचा आहे का?

तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय, तिथलीच एक शिक्षणसंस्था, एक छोटे प्रकाशन आणि एक पतसंस्था अशा चार संस्था डोळ्यांपुढे आणा. प्रत्येकीने स्वतःचे डोमेन घेतले आहे. प्रत्येकीला ‘कार्यालय’, ‘सचिव’, ‘लेखापाल’ अशा नावांचे पत्ते हवे आहेत आणि चौघींनी मिळून एकच सर्व्हर चालवायचे ठरवले आहे. सगळ्यांची पत्रे एकाच यंत्रावर यावीत, मात्र वाचनालयाच्या सचिवांचे पत्र पतसंस्थेच्या सचिवांना कधीही दिसू नये. उद्या पाचवी संस्था आली तर यंत्राची घडी न मोडता तिला सामावून घेता यावे. ही अपेक्षा साधी वाटते, पण ती पुरी करणाऱ्या रचनेत संगणकशास्त्रातले बरेच काही एकत्र येते. डेटाबेसच्या आधारे अनेक डोमेनचा मेल सर्व्हर उभारणे, या पुस्तकाचा विषय तो हाच. नाव जरा रुक्ष आहे. विषय तसा नाही, हे वाचकांना पटावे म्हणून ही प्रस्तावना.

आधी थोडा इतिहास पाहू, कारण आजच्या अडचणीचे मूळ त्यात आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत केंब्रिज येथे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह ठेवले. डावीकडे माणूस, उजवीकडे यंत्र. पुढची अनेक वर्षे हा अर्थ अक्षरशः खरा होता. युनिक्सच्या यंत्रावर तुमचे खाते असेल तरच तुमची टपालपेटी असे. एरिक ऑलमन यांनी बर्कलेत लिहिलेला सेंडमेल हा प्रोग्राम याच जगात वाढला. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या टपालशिष्टाचाराचा मसुदा सिद्ध केला, पाठोपाठ डोमेननामांची पद्धत आली, आणि १९८६ मध्ये एमएक्स नोंदीची सोय झाली. ‘या डोमेनची पत्रे अमुक यंत्रावर न्या’ असे जगाला सांगणारी ही नोंद. तिच्यामुळे पत्त्यातला उजवा भाग यंत्रापासून सुटला. एका यंत्राकडे दहा डोमेनच्या एमएक्स नोंदी बोट दाखवू शकतात, याला आता काहीच आडकाठी उरली नाही.

आपल्याकडेही हा प्रवास याच काळात सुरू झाला. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट प्रकल्प १९८६ चा. मुंबईतले नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या डायल-अप दूरध्वनीमार्गावरून ईमेलची ये-जा त्याच सुमारास होऊ लागली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे महाराष्ट्रात सर्वसामान्य ग्राहकांच्या आधी जवळजवळ एक दशक मेल सर्व्हर सांभाळणारी माणसे होती. मराठीत या कामाबद्दल मात्र फार थोडे लिहिले गेले, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

उजवा भाग सुटला तरी डावा भाग मात्र यंत्रालाच चिकटून राहिला. यंत्रावर ‘सचिव’ नावाचे खाते एकच असू शकते. मग चार संस्थांच्या चार सचिवांचे काय करायचे? खातेच तयार करायचे म्हटले तर प्रत्येक कारकुनाला आणि प्रत्येक शिक्षकाला सर्व्हरवर प्रवेशाचा हक्क द्यावा लागतो. तोही केवळ पत्रे वाचण्यासाठी! या कोंडीतून ‘आभासी डोमेन’ ही कल्पना निघाली. टपालपेटीचा मालक हा यंत्रावरचा वापरकर्ता असण्याची गरज नाही. तो एखाद्या तक्त्यातली नुसती नोंद असला तरी पुरते. डिस्कवरच्या सगळ्या पेट्या एकाच सेवकखात्याच्या मालकीच्या असतात. रूढीने त्याला ‘व्हीमेल’ म्हणतात. कोणाची पेटी कोणती, हे तो तक्ता सांगतो. या विषयाचा गाभा एवढाच आहे. पुढे जे काही येते ते त्या तक्त्याला नेमके काय विचारायचे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, याचा विस्तार आहे.

तक्त्याला प्रश्न विचारणारे दोन प्रोग्राम पुढे वारंवार भेटतील. पहिला पोस्टफिक्स. नेदरलँड्सचे वित्से वेनेमा अमेरिकेत आयबीएमच्या संशोधनकेंद्रात असताना त्यांनी तो घडवला आणि १९९८ च्या अखेरीस तो लोकांसाठी खुला झाला. वेनेमा हे मुळात सुरक्षेचे अभ्यासक. सेंडमेल हा सर्वाधिकार हाती असलेला एकच भला मोठा प्रोग्राम होता. वेनेमांनी तेच काम लहान लहान प्रक्रियांत वाटले आणि प्रत्येकीला कामापुरतेच अधिकार दिले. एक दारात उभी राहून पत्र घेते, एक ते नीट करते, एक रांग सांभाळते, एक बाहेर पोचवते. दुसरा प्रोग्राम डव्हकॉट. फिनलंडच्या तिमो सिराइनेन यांनी तो २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. पेट्या सांभाळणे, आयमॅप या शिष्टाचाराने पत्रे वाचू देणे आणि पासवर्ड तपासणे ही त्याची कामे. एक्झिम, क्यूमेल हेही तोलामोलाचे प्रोग्राम आहेत आणि त्यांचे चाहते निष्ठावंत आहेत. पण नवागताने सुरुवात पोस्टफिक्स व डव्हकॉट या जोडीने करावी असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींची कागदपत्रे उत्तम आहेत आणि दोन्ही प्रोग्राम आपण काय करतो आहोत ते लॉगमध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवतात.

डेटाबेस कोणता, यावर फार अडून बसू नका. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल यांपैकी जो तुमच्या हातात बसला असेल तो चालेल. डेटाबेस हवाच का, हा प्रश्न मात्र आधी विचारा. दोन डोमेन आणि वीस पत्ते असतील, महिन्याला एखादाच बदल होत असेल, तर साध्या मजकूर-फायलींत सगळे नीट बसते आणि बिघडण्यासारखे एक यंत्रांग कमी होते. डेटाबेसची खरी गरज दोन कारणांनी निर्माण होते. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या दोघांनी एकच सत्य वाचावे, म्हणजे पत्र घेणारा ‘पेटी आहे’ म्हणतो आणि पेटी उघडणारा ‘नाही’ म्हणतो असे होऊ नये, हे पहिले कारण. आणि शाळेच्या कार्यालयातल्या बाईंना नव्या शिक्षकाचे खाते काढायचे असेल, तर त्यांनी एका साध्या अर्जपानावर नाव भरावे, सर्व्हरच्या किल्ल्या त्यांच्याकडे द्याव्या लागू नयेत, हे दुसरे.

आता प्रश्नांकडे वळू. दारात पत्र आले की पोस्टफिक्स पाकिटावरचा पत्ता पाहतो. पाकीट हा शब्द इथे पारिभाषिक आहे. एसएमटीपीच्या संवादात सांगितलेला प्राप्तकर्ता वेगळा आणि पत्राच्या आत ‘प्रति’ म्हणून लिहिलेला वेगळा. सर्व्हर चालतो तो पहिल्यावर. त्या पत्त्याबद्दल पोस्टफिक्स विचारतो: हे डोमेन आमचे आहे का? हा पत्ता दुसऱ्या कुठल्या पत्त्याकडे वळवायचा आहे का? अशी पेटी आमच्याकडे आहे का? तीन प्रश्न, म्हणून बहुधा तीन तक्ते: डोमेनचा, वळणपत्त्यांचा आणि पेट्यांचा. प्रत्येक प्रश्नासाठी एक छोटी फाइल असते. तिच्यात डेटाबेसचा पत्ता, खाते, पासवर्ड आणि एका ओळीची एसक्यूएल क्वेरी. या खात्याला वाचण्यापलीकडे कोणताही अधिकार देऊ नका. पत्र घेणाऱ्या प्रोग्रामने तक्त्यात लिहिण्याचे काहीच कारण नाही.

वाचकांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या प्रश्नांच्या उत्तरांना. भोळेपणाने आपण समजतो की उत्तरे दोनच, ‘हो’ आणि ‘नाही’. वास्तवात ती तीन आहेत. तिसरे उत्तर ‘आत्ता सांगता येत नाही’. डेटाबेस बंद पडला, जोडणी तुटली, पासवर्ड चुकला, तर पोस्टफिक्स पाठवणाऱ्याला ४५१ हा तात्पुरत्या अडचणीचा संकेत देतो. पाठवणारा सर्व्हर पत्र आपल्याच रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची स्वतःची रांग मुळात पाच दिवसांपर्यंत धीर धरते. म्हणजे डेटाबेस रात्रभर झोपला तरी सहसा एकही पत्र हरवत नाही, सकाळी सगळी येऊन पोचतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या भरवशाच्या नसलेल्या तारांसाठी आखलेली ही सहनशीलता आजही आपल्या कामी येते, आणि मला तरी ती या संपूर्ण विद्येतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

याची दुसरी बाजूही लगेच पाहा. डेटाबेस चालू आहे, पण कोणी चुकून पेट्यांचा तक्ता रिकामा केला, किंवा जुन्या प्रतीवरून अर्धवटच भरला. आता डेटाबेस उत्तर देतो आणि ते उत्तर ठाम असते: ‘नाही’. पोस्टफिक्स ५५० हा कायमच्या नकाराचा संकेत देतो आणि पत्र पाठवणाऱ्याकडे ताबडतोब परत जाते. मुका डेटाबेस निरुपद्रवी असतो, खोटे बोलणारा नुकसान करतो. म्हणून तक्त्यांत मोठे फेरफार करायचे असतील तेव्हा अनुभवी माणसे आधी पोस्टफिक्सच थांबवतात, काम करतात, पडताळतात आणि मग त्याला सुरू करतात. बंद दारापाशी पत्र थांबून राहते; चुकीचे उत्तर मिळालेले पत्र निघून जाते.

वळणपत्त्यांच्या प्रश्नात एक खाच आहे आणि तिच्यात जवळजवळ प्रत्येक नवागत अडकतो. एखाद्या संस्थेला वाटते की आपल्या डोमेनवर कोणत्याही नावाने आलेले पत्र कार्यालयाला मिळावे. तशी सर्वग्राही नोंद वळणतक्त्यात करता येते. पण पोस्टफिक्स वळण आधी पाहतो आणि पेटी नंतर. ‘सचिव’ या पत्त्यासाठी वळणतक्त्यात स्वतंत्र नोंद नसेल, तर तो सर्वग्राही नोंदीपाशी जातो आणि सचिवांची पेटी अस्तित्वात असूनही त्यांचे पत्र कार्यालयात पडते. यावर उपाय असा, की प्रत्येक खऱ्या पेटीचा पत्ता त्याच पत्त्याकडे वळतो असे उत्तर देणारी आणखी एक क्वेरी जोडायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती निरर्थक वाटते. प्रश्नांचा क्रम ध्यानात आला की तिच्यावाचून चालणार नाही हे आपोआप कळते. म्हणूनच माझा आग्रह असतो की दुसऱ्याची तयार मांडणी उतरवून घेण्याआधी हा क्रम कागदावर स्वतः लिहून काढा.

तसाच एक नियम डोमेनच्या बाबतीत आहे. पोस्टफिक्समध्ये ‘मायडेस्टिनेशन’ नावाची एक यादी असते, ती यंत्रावरच्या खऱ्या खात्यांसाठी. आभासी डोमेन या यादीत कधीही लिहू नये. एकच डोमेन दोन्हीकडे लिहिले तर पोस्टफिक्स त्याला स्थानिक मानून यंत्राच्या खात्यांत सचिवांना शोधतो आणि ‘असा कोणी नाही’ म्हणतो. लॉगमध्ये याबद्दल स्पष्ट इशारा येतो. तो वाचण्याची सवय मात्र हवी.

चाचणीसाठी ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा तुमची जिवलग होईल. कोणत्याही तक्त्याला एखादा पत्ता देऊन काय उत्तर येते ते तिच्या मदतीने तत्काळ पाहता येते; प्रत्यक्ष पत्र पाठवावे लागत नाही. एक सूक्ष्म गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. ही आज्ञा तुम्ही मोकळ्या यंत्रावर चालवता, तर डेबियनसारख्या प्रणालीत दारातली प्रक्रिया एका बंदिस्त निर्देशिकेत चालते. मायएसक्यूएलला ‘लोकलहोस्ट’ म्हटले की तो डिस्कवरची सॉकेट-फाइल शोधतो आणि ती बंदिस्त निर्देशिकेच्या आतून दिसत नाही. चाचणी उत्तीर्ण आणि प्रत्यक्ष पत्र नापास, असा चमत्कार त्यातून घडतो. क्वेरीच्या फाइलीत ‘लोकलहोस्ट’ऐवजी १२७.०.०.१ हा आकडी पत्ता लिहिला किंवा ‘प्रॉक्सीमॅप’ या मध्यस्थ प्रक्रियेमार्फत प्रश्न विचारला की हा चमत्कार थांबतो. प्रॉक्सीमॅपमुळे डेटाबेसवर एकाच वेळी उघडणाऱ्या जोडण्याही कमी होतात.

पत्रे बाहेर पाठवण्याचे शास्त्र वेगळे आहे. कोणीही यावे आणि कोणालाही पत्र पाठवावे, असा सर्व्हर चालवला तर तो लवकरच कचरा-मेल पाठवणाऱ्यांच्या हाती जातो. म्हणून बाहेरच्या पत्त्यावर पत्र पाठवणाऱ्याने आधी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या दारातून, म्हणजे पोर्टमधून, पासवर्ड देऊन ओळख पटवावी लागते. ही ओळख पोस्टफिक्स स्वतः तपासत नाही, ते काम तो डव्हकॉटकडे सोपवतो, आणि डव्हकॉट तोच तक्ता वाचतो. पासवर्ड अर्थातच बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ सारख्या पद्धतीने विरूप करून ठेवलेले असावेत. अनेक डोमेनच्या सर्व्हरवर आणखी एक प्रश्न आवश्यक असतो: ज्याने ओळख पटवली त्याला या प्रेषक-पत्त्याने लिहिण्याचा हक्क आहे का? तो विचारला नाही तर शाळेतला कोणीही पतसंस्थेच्या लेखापालाच्या नावाने पत्र धाडू शकतो. हा प्रश्नही पाकिटावरच्या प्रेषकालाच लागू पडतो, आतल्या मजकुरातल्या ‘प्रेषक’ ओळीला नाही. त्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते.

डोमेनच्या प्रतिष्ठेचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरत्र पुष्कळ साहित्य मिळते. पत्र खरोखर त्या डोमेनचेच आहे का हे पडताळू देणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी प्रत्येक डोमेनसाठी स्वतंत्रपणे कराव्या लागतात. उलट, आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद आणि टीएलएसचे प्रमाणपत्र सर्व्हरच्या एकाच नावाने असले तरी चालते. चार डोमेनच्या एमएक्स नोंदी त्या एका नावाकडे बोट दाखवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकिम व डीमार्क या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला ५,००० पत्रांची आहे. पण लहान संस्थेनेही त्या पहिल्या दिवसापासून कराव्यात. अनेक क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचे दार बाहेरच्या दिशेने मुळात बंद ठेवतात, हेही सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वी विचारून घ्या.

तर मग शिकायचे कसे? माझी सुचवणूक अशी: पहिल्या टप्प्यात इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावर एकच डोमेन घ्या आणि तक्त्यांच्या जागी मजकूर-फायली वापरा. दोन पेट्यांमध्ये पत्र फिरू लागले, लॉगमधली त्याची वाट ओळीओळीने वाचता आली, की मगच डेटाबेस जोडा. एका वेळी एकच फाइल बदला आणि दर वेळी पोस्टमॅपला विचारा. त्यानंतर दुसरे डोमेन आणा आणि दोन्हीकडे मुद्दाम ‘सचिव’ याच नावाची पेटी ठेवा. दोघांची पत्रे वेगळी राहतात हे पाहण्यात जो आनंद आहे तो चुकवू नका. डेटाबेस बंद करून पत्र पाठवून पाहा, मग तक्ता रिकामा करून पाठवून पाहा. ४५१ आणि ५५० यांतला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. डव्हकॉटच्या आवृत्तीकडेही लक्ष असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीने मांडणीची भाषाच बदलली, त्यामुळे २.३ साठी लिहिलेल्या सूचना तिथे जशाच्या तशा चालत नाहीत. प्रश्न ओळखणाऱ्याला असा बदल जड जात नाही, कारण प्रश्न तेच असतात.

शेवटी, मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल असा एक प्रांत. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले आणि त्यात मराठीचा समावेश होता. पत्त्याचा डावा भागही देवनागरीत लिहिता यावा यासाठीचे एसएमटीपीचे विस्तारित रूप २०१२ मध्ये ठरले, आणि २०१५ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स ३.० ने ते स्वीकारले. म्हणजे वाचनालयाच्या सचिवांना ‘सचिव’ हा पत्ता देवनागरीतच देता येतो. इथे तक्त्याच्या प्रश्नांना नवे पदर सुटतात. देवनागरी डोमेनचे संगणकाच्या पोटातले एक रोमन-सांकेतिक रूपही असते, म्हणून डोमेनच्या तक्त्यात दोन्ही रूपे नोंदवावी लागतात. आणि मराठीची खास अडचण आहे ती ‘ऱ’ची. ‘वऱ्हाड’ या नावाची पेटी काढलीत, तर त्यातला ऱ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा जोडीने लिहिता येतो, आणि र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही पडद्यावर तोच आकार उमटतो. डोळ्याला शब्द एकच, डेटाबेसला तीन. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरे होत नाही. यासाठी पेटीच्या नावाचे एक प्रमाण रूप ठरवून तेवढेच पेट्यांच्या तक्त्यात ठेवा, आणि उरलेल्या दोन्ही रूपांच्या नोंदी वळणपत्त्यांच्या तक्त्यात करून त्या प्रमाण रूपाकडे वळवा. पाठवणाऱ्याच्या कीबोर्डवरून वऱ्हाड कसेही उमटले, तरी पत्र त्याच पेटीत पडेल.